घरगुती लॉग लिफ्ट: जड ओंडका जमिनीवरून सुटत नाही, आणि उतरवताना लिफ्टचा हात धाडकन आपटतो

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. लाकूड फोडायचा हायड्रॉलिक स्प्लिटर ठणठणीत चालतो, पाचर गाठीच्या ओंडक्यातूनही आरपार जाते. पण त्याच पंपावर जोडलेली घरगुती लिफ्ट, म्हणजे ओंडका जमिनीवरून स्प्लिटरच्या बीमवर चढवणारा हायड्रॉलिक हात, मोठ्या ओंडक्याखाली नुसती कण्हत बसते. पहार घालून ओंडका वीतभर उचलून दिला, की तीच लिफ्ट तो पुढे सहज वर नेते. उतरवताना उलटे होते: लिव्हर जरा हलवला की हात सुटतो आणि जमिनीवर आदळतो. मग कोणीतरी रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे ठरलेल्या दाबाला उघडून तेल टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, स्क्रू अर्धा फेरा आवळतो. काही दिवस बरे जातात. पुढे पिनचे भोक लांबट होते, हात पिळतो, आणि तक्रार पहिल्याइतकीच शिल्लक राहते.

स्क्रूला हात लावू नका. जिथून ओंडका सुटत नाही आणि जरा वर गेल्यावर सुटतो, तिथे दोष जवळजवळ नेहमी सिलिंडर कुठल्या कोनात बसवला आहे त्यात असतो. आणि जिथे हात आपटतो, तिथे तेल परत जाताना त्याला अडवणारे काही नसते. दोन्ही कामे पंपाला हात न लावता होतात.

पुढचे सगळे हिशोब एका नेहमीच्या बांधणीचे आहेत. काटकोनात वळलेला हात, त्याची बिजागरी बीमच्या बाजूला जमिनीपासून ३५ सेंटीमीटरवर, खालची प्लेट जमिनीवर टेकणारी, ५० मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि ३० मिलिमीटर रॉडचा (बाहेर येणाऱ्या दांड्याचा) दुहेरी, म्हणजे तेलाने दोन्ही दिशांना चालणारा सिलिंडर, रिलीफ १५० बार दाबाला. तुमची मापे वेगळी असतील. तर आकडे बदला, रीत तीच ठेवा.

आधी गेज

सिलिंडरच्या मागच्या पोर्टवर, म्हणजे ज्या बाजूला तेल गेल्यावर हात उचलला जातो तिथे, टी जोडून ० ते २५० बारचा ग्लिसरीन भरलेला गेज लावा. हा खर्च टाळून अंदाजाने भाग बदलत बसणे महाग पडते. जो ओंडका उचलत नाही तोच प्लेटवर ठेवा आणि लिव्हर ओढा.

गेज रिलीफच्या आकड्याला पोचला आणि हात हलला नाही, तर पंप, सील, व्हॉल्व्ह आपापले काम करत आहेत. दोष कोनात आहे, किंवा ओंडका खरोखरच जास्त जड आहे, किंवा हात कुठेतरी अडकला आहे. गेज ४०–५० बारवरच रेंगाळला, तर तेल कुठून तरी निसटते आहे: रिलीफमध्ये कचरा अडकला आहे, पिस्टनचे सील गेले आहे किंवा स्पूल (लिव्हरने सरकणारा व्हॉल्व्हमधला दांडा) पूर्ण सरकत नाही. शेवटच्या कारणाकडे लोकांचे लक्ष जात नाही. लिव्हरची जोडपट्टी सैल झाली की हाताला लिव्हर पूर्ण ओढल्यासारखा वाटतो, पण स्पूल तीन-चार मिलिमीटर मागेच राहतो.

मग रिकामा हात उचलून गेज पाहा. हाताचे वजन ३५ किलोच्या आसपास असेल तर दाब कोनानुसार दहा ते वीस बारच्या आसपास हवा. रिकाम्या हातालाच ४० बार लागत असतील, तर बिजागरी जाम आहे. पिन काढा, गंज आणि वाळलेले ग्रीस साफ करा, बुशमध्ये (पिन बसते त्या नळीत) पिन बोटाने फिरते का पाहा. वेल्डिंगच्या उष्णतेने दोन बुश एका रेषेतून सरकलेले असणे हे जाम होण्याचे नेहमीचे कारण आहे. बुश वेल्ड करताना पिन, किंवा त्याच जाडीचा सरळ बार, दोन्ही बुशमधून आरपार घालून ठेवला तर ही वेळ येत नाही.

ओंडक्याचे वजन डोळ्याने ठरवू नका

७५ सेंटीमीटर व्यासाचा, ४५ सेंटीमीटर लांबीचा तुकडा म्हणजे साधारण ०.२ घनमीटर लाकूड. ओल्या लाकडाचा घनमीटर हजार किलोच्या जवळपास धरला तर हा एक तुकडा २०० किलोचा झाला. ६० सेंटीमीटर व्यासाचा, तितक्याच लांबीचा तुकडा १२५ किलोच्या घरात. व्यास पाव भागाने वाढला की वजन दीडपटीवर जाते. ‘कालचा उचलला, आजचा का नाही’ या प्रश्नाचे उत्तर बरेचदा इथेच मिळते.

दोरी आणि गुण्या

आता मुख्य काम. २०० किलोच्या ओंडक्याचा मध्य बिजागरीपासून आडव्या अंतराने ५० सेंटीमीटर बाहेर आहे. इतक्या मोठ्या ओंडक्याचा मध्य जमिनीपासून ३७–३८ सेंटीमीटरवर असतो, म्हणजे जवळजवळ बिजागरीच्याच उंचीवर. त्यामुळे ओझ्याचे बिजागरीपासूनचे आडवे अंतर अगदी सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते. हात वर जाईल तसे ते कमी होत जाते. फिरवायला लागणारा जोर: २०० गुणिले ५०, म्हणजे १०,००० किलो-सेंटीमीटर, अधिक हाताचे स्वतःचे ३५ गुणिले ४०, म्हणजे १,४००. एकूण ११,४००.

सिलिंडर किती देतो? ५० मिलिमीटर बोअरचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटीमीटर, १५० बारला जोर सुमारे ३,००० किलो. आकडा भरघोस दिसतो. पण हा जोर बिजागरीभोवती किती अंतरावरून लागतो, यावर सगळे ठरते. सिलिंडरचा कान (पिनच्या भोकाची प्लेट) हातावर बिजागरीपासून २० सेंटीमीटरवर आहे म्हणून ते अंतर २० सेंटीमीटर होत नाही. सिलिंडर हाताला जवळजवळ समांतर पडला असेल, तर तो हाताला फिरवण्यापेक्षा बिजागरीकडे किंवा बिजागरीपासून दूर रेटत राहतो. दार बिजागरीजवळ ढकलून उघडण्यासारखे आहे हे.

मोजायची रीत सोपी आहे. हात पूर्ण खाली ठेवा. सिलिंडरच्या दोन्ही पिनांच्या मध्यांमधून दोरी ताणा. बिजागरीच्या पिनच्या मध्यापासून त्या दोरीपर्यंतचे काटकोनातले अंतर गुण्या लावून मोजा. हेच खरे अंतर.

सिलिंडर आणि हात यांच्यात १० अंशांचा कोन असेल तर हे अंतर भरते फक्त ३.५ सेंटीमीटर. ११,४०० भागिले ३.५, म्हणजे सिलिंडरला ३,२५७ किलो जोर द्यावा लागेल. दाब १६३ बार. रिलीफ १५० ला उघडतो, ओंडका जागचा हलत नाही. पहारीने वीतभर उचलला की कोन उघडतो आणि लिफ्ट ‘बरी होते’. तोच कोन २५ अंश करा: अंतर ८.५ सेंटीमीटर, लागणारा जोर १,३४० किलो, दाब ६७ बार. पंप तोच, सिलिंडर तोच, ओंडकाही तोच.

म्हणून खाली असताना हे अंतर किमान ८ सेंटीमीटर मिळेल असे पाहा. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, दोरीची रेषा बिजागरीपासून लांब जाईल असा हातावरचा कान हलवणे: हाताखाली १२ मिलिमीटर जाडीचा खोल कान वेल्ड करायचा. इथे अडचण जमिनीची. कान जमिनीला किंवा ढलप्यांच्या ढिगाला घासता कामा नये. दुसरी वाट, फ्रेमवरची सिलिंडरची बूड-पिन सरकवणे. बहुतेक बांधणीत ती बीमच्या पोटाखाली, आणखी खाली आणि आत नेता येते. दुसरी वाट जास्त चांगली, कारण चालत्या हातावर काही लोंबत नाही. पण तिथे फ्रेमला जोर सोसेल अशी प्लेट लागते. नुसत्या पातळ पट्टीवर बूड-पिन लटकवली तर पट्टी वळते आणि सिलिंडर जाईल तिकडे जातो.

कापायच्या आधी पुठ्ठ्यावर पाच पटीने लहान नमुना करा. फ्रेमचा पुठ्ठा, हाताचा पुठ्ठा, बिजागरीच्या जागी टाचणी, सिलिंडरच्या जागी दोरा. हात खाली, मध्यावर आणि पूर्ण वर असताना तिन्ही ठिकाणी अंतर मोजा. वरच्या टोकालाही ते पुन्हा कमी होते, आणि फार कमी झाले तर हात वर गेल्यावर तिथेच अडकतो. दोऱ्याची सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड लांबी यांतला फरक म्हणजे लागणारा स्ट्रोक. २० सेंटीमीटर त्रिज्येवर ८० अंश फिरायला जवळपास २६ सेंटीमीटर लागतात, त्यामुळे ३० सेंटीमीटर स्ट्रोकचा सिलिंडर पुरतो. कान त्याहून लांब नेला की स्ट्रोकही वाढतो. ते विसरून सिलिंडर आधी विकत घेतला, की मग सगळी फ्रेम त्या सिलिंडरच्या मापाने वाकवत बसावे लागते.

खात्री होत नसेल तर कानाला २५ मिलिमीटर अंतराने तीन भोके ठेवा, चालवून पाहा, मग एक जागा कायम करा.

मोठा सिलिंडर लावणे हा सोपा मार्ग वाटतो. ६३ मिलिमीटर बोअर १५० बारला ४,७७० किलो देतो, खरे आहे. पण ३.५ सेंटीमीटरच्या अंतरावर तो वाढलेला सगळा जोर पिन, कान आणि बिजागरीला फोडायला वापरला जातो.

हात आपटतो का

ओंडक्याच्या वजनाने सिलिंडरच्या मागच्या बाजूचे तेल स्वतःच ६०–७० बारवर उभे असते. स्पूल उघडला की ते मोकळ्या होजमधून टाकीकडे धावते. पंपाचा यात काही हात नाही. इंजिन बंद असले तरी लिव्हर हलवताच हात पडतो.

अडथळा मागच्या पोर्टवरच हवा, म्हणजे जे तेल ओझे पेलते आहे त्याच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर. १.५ मिलिमीटर भोकाचा एकदिशा रेस्ट्रिक्टर (एकाच दिशेने जाणारे तेल अडवणारा भाग) ६७ बारला मिनिटाला आठ लिटरच्या आसपास तेल सोडतो. ५० मिलिमीटर बोअरला याचा वेग सेकंदाला ७ सेंटीमीटर, म्हणजे पूर्ण हात साडेतीन-चार सेकंदांत उतरतो. चढताना आतला चेक, म्हणजे एकाच दिशेने तेल जाऊ देणारा व्हॉल्व्ह, उघडतो आणि तेल पूर्ण भोकातून जाते. तो उलटा बसला तर चढणे मंदावते आणि पडणे तसेच राहते. तशी तक्रार दिसली तर अंगावरचा बाण आधी पाहा. बदलता येणारा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह लावला तरी चालेल, पण तो एकदिशाच असावा, आणि नट लावून कुलूपबंद करावा, धक्क्यांनी फिरतो.

काही जण हाच रेस्ट्रिक्टर रॉडकडच्या पोर्टवर लावतात, ‘दोन्हीकडे सारखेच’ म्हणून. सारखे नाही. उतरताना रॉडकडच्या बाजूला तेल आत यायचे असते. तिथे अडवले की हात तरीही पडतोच, वर सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि पुढच्या उचलीला पहिले काही सेंटीमीटर हात हलतच नाही, मग झटका देतो. चढताना तर याहून वाईट: रॉडकडचे तेल अडले की त्या बाजूचे क्षेत्रफळ कमी असल्यामुळे तिथला दाब वाढून बसतो. ५० आणि ३० च्या जोडीला हे प्रमाण १.५६ आहे. पंप १५० बार देत असेल तर रॉडकडे २३० च्या वर जाऊ शकतो.

आता वेग वाढण्याची दुसरी बाजू. दोन टप्प्यांचा पंप (कमी दाबाला भरपूर, जास्त दाबाला थोडे तेल देणारा) कमी दाबाला मिनिटाला ६० लिटर देत असेल, तर ५० मिलिमीटरचा सिलिंडर सेकंदाला ५० सेंटीमीटर धावायला बघतो. हलका ओंडका अक्षरशः बीमपलीकडे फेकला जातो, आणि जड ओंडक्याला पंप दुसऱ्या टप्प्यात जाऊन तीच लिफ्ट संथ होते. लिव्हर सांभाळून धरणे हा यावरचा उपाय होऊ शकत नाही. दमलेला हात कधीतरी चुकतो. लिफ्टच्या वाटेवर प्रायॉरिटी फ्लो डिव्हायडर (एका वाटेला ठरावीक तेल देऊन उरलेले दुसरीकडे सोडणारा व्हॉल्व्ह) लावून तिला मिनिटाला दहा लिटर द्या. २५ सेंटीमीटरला तीन सेकंद लागतात, तेवढे पुरे. किंवा लिफ्टला वेगळा छोटा गियर पंप द्या: एका फेऱ्याला ४ घनसेंटीमीटर देणारा पंप २,८०० फेऱ्यांना ११ लिटर देतो. भाग वाढतात, पण स्प्लिटरच्या तेलाशी भांडण मिटते.

लिव्हर सोडला तरी हात हळूहळू खाली सरकतो

स्पूल आणि त्याचे घर यांच्यात थोडी फट असतेच, तेल झिरपते. ओंडका वर धरून पाच मिनिटांत हात दोन-तीन सेंटीमीटर उतरला तर व्हॉल्व्ह फेकून देऊ नका. अर्ध्या मिनिटात वीतभर उतरत असेल तर शोधा.

पहिला संशय सीलवर जातो, पण पिस्टनचे सील एकटे हात खाली आणू शकत नाही. दोन्ही पोर्ट खरोखर बंद असतील, तर रॉड आत यायला जागाच नसते. तेल फक्त पिस्टनच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊन दाब वाढतो, इतका, की ओझे रॉडच्याच छेदावर पेलले जाते. तो वाढलेला दाब रॉडकडच्या स्पूलमधून वाट काढतो आणि मग हात उतरतो. म्हणजे सील गेलेले आणि स्पूल झिरपणारा, अशी जोडी असते.

सील तपासायला हात पूर्ण वर न्या, सिलिंडर पूर्ण बाहेर. हाताखाली लोखंडी टेकू द्या. लाकडाचा ठोकळा निसटतो. इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा, रॉडकडचा होज काढून त्याचे तोंड टोपीने बंद करा आणि सिलिंडरच्या उघड्या पोर्टखाली भांडे ठेवा. इंजिन चालू करून हात उचलायच्या दिशेने लिव्हर धरा. सुरुवातीला थोडे तेल येईल. धार चालूच राहिली तर सील किट बदला. थेंब थांबले तर सिलिंडर ठीक आहे, व्हॉल्व्हकडे वळा.

व्हॉल्व्ह घेताना एक गोष्ट विचारायची राहून जाते: मधल्या स्थितीत कामाचे पोर्ट बंद राहतात की टाकीला उघडे असतात? हायड्रॉलिक मोटरसाठीचा स्पूल मध्यावर दोन्ही पोर्ट टाकीला जोडतो. तो लिफ्टला लावला तर लिव्हर सोडताच हात पडणारच, त्यात बिघाड काही नाही. लिफ्टला सिलिंडरचा स्पूल हवा, स्प्रिंगने मध्यावर येणारा, कुठल्याही बाजूला न अडकणारा. स्प्लिटरच्या परतीला अडकून राहणारा लिव्हर सोयीचा असतो. लिफ्टवर तोच जीवघेणा.

ओंडका वर ठेवून थांबायची सवय असेल तर सिलिंडरवरच काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (ओझे धरून ठेवणारा आणि ताब्यात उतरू देणारा) बसवा, सर्वांत जड ओझ्याच्या दाबाच्या सुमारे १.३ पट सेट करून. पायलटने, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या तेलाच्या दाबाने, उघडणारा चेक स्वस्त पडतो, पण ओझे खाली ओढत असताना तो उघडझाप करतो आणि हात टप्प्याटप्प्याने धक्के खात उतरतो. तोच लावायचा असेल तर रेस्ट्रिक्टर सिलिंडर आणि चेक यांच्या मध्ये ठेवा, आणि स्पूल मात्र इथे मध्यावर टाकीला उघडा असलेलाच घ्या, नाहीतर पायलटचा दाब सुटत नाही आणि चेक नीट बसत नाही. वरचा नियम इथे उलटतो, म्हणून लिहून ठेवलेले बरे.

स्प्लिटरच्या लिव्हरपाशी वारंवार गळती

लिफ्ट बसवल्यानंतर जुन्या व्हॉल्व्हच्या स्पूलची सील परत परत जात असतील, तर जोडणी पाहा. जुन्या व्हॉल्व्हच्या ‘आउट’मधून तेल काढून थेट लिफ्टच्या व्हॉल्व्हच्या ‘इन’ला दिले, की लिफ्ट उचलताना पूर्ण दाब जुन्या व्हॉल्व्हच्या टाकीकडच्या पोटात उभा राहतो. तो भाग आणि स्पूलच्या टोकांची सील त्यासाठी बनवलेली नसतात. नवे सील किट टाकून काही होत नाही. पॉवर बियॉन्डची (दाबाचे तेल वेगळ्या वाटेने पुढच्या व्हॉल्व्हला देण्याची) सोय असलेला व्हॉल्व्ह घ्या, त्या वाटेची बाही (जोडतुकडा) बसवा आणि त्याचा टाकीचा पोर्ट वेगळ्या होजने टाकीला न्या. किंवा दोन स्पूलचा एकसंध व्हॉल्व्ह लावा.

एकसंध व्हॉल्व्हमध्ये रिलीफ एकच असतो, स्प्लिटरच्या दाबाला सेट केलेला. लिफ्टला एवढा दाब नको. लिफ्टच्या पोर्टवर वेगळा रिलीफ १०० ते १२० बारला ठेवा. कोन नीट असेल तर ६७ बारच लागणार आहेत. असा वेगळा रिलीफ नसला आणि वर जाताना हाताचे टोक बीमला किंवा फुटलेल्या फळीला अडले, तर १२ सेंटीमीटरच्या अंतरावर ३,००० किलोचा सिलिंडर ६० सेंटीमीटर लांब हाताच्या टोकाला ६०० किलोने दाबतो. हात वाकण्याचे प्रकार बहुतेक असे घडतात, ओंडक्याच्या वजनाने नाही.

दुहेरी सिलिंडरने हात खाली दाबताना हीच गोष्ट उलटी होते: प्लेट जमिनीला टेकल्यावरही लिव्हर धरून ठेवला तर स्प्लिटरचे एक चाक उचलते. तिथेही रिलीफ कमी ठेवा.

भोके लांबट होणे, हात पिळणे

८ मिलिमीटर जाडीच्या एकाच कानात २० मिलिमीटरची पिन: टेकायला क्षेत्र १.६ चौरस सेंटीमीटर, ३,००० किलोला दर चौरस सेंटीमीटरला १,८७५ किलो. साध्या पोलादाला हे स्थिर ओझ्यात कसेबसे चालते. धक्के बसू लागले की भोक अंडाकृती होते. दोन्ही बाजूंना १० मिलिमीटरचे कान आणि २५ मिलिमीटरची पिन केली की तोच आकडा ६०० वर येतो. दुरुस्ती करताना लांबट भोक वेल्डने भरून पुन्हा पाडू नका. बाहेरून जाड वॉशरसारखी प्लेट वेल्ड करा, दोन्ही कान एकत्र पकडून एकाच वेळी भोक पाडा.

हात पिळतो तो सिलिंडर एका कडेला बसवल्यामुळे. जागेच्या अडचणीने तसे करावेच लागले, तर बिजागरीच्या संपूर्ण लांबीभर जाड भिंतीचा गोल पाइप घ्या, दोन बिजागऱ्यांमध्ये किमान ४० सेंटीमीटर अंतर ठेवा आणि हाताचे दोन्ही दांडे त्या पाइपला वेल्ड करा. अँगल आणि चॅनल पिळाला फार कमजोर. ५० बाय ५० चा, ५ मिलिमीटर भिंतीचा चौकोनी पाइप त्याच वजनात खूप जास्त टिकतो. काटकोनाच्या आतल्या बाजूला त्रिकोणी पट्टी द्या, पण तिची टोके बोथट ठेवा. टोकदार पट्टीच्या शेवटालाच पाइपला तडा जातो.

वेल्ड करताना सिलिंडर काढून ठेवा. जागेवरच करावे लागले तर अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारी लावा, म्हणजे करंट पिनांमधून आणि रॉडमधून जाणार नाही, आणि रॉड ओल्या कापडाने झाका. रॉडवर चिकटलेला एक ठिणगीचा दाणा सील खायला पुरेसा असतो.

स्प्लिटर कलंडतो

हिशोबात हे सर्वांत जास्त फसवते. समजा यंत्र २५० किलो, चाके मध्यापासून ५०–५० सेंटीमीटरवर. ओंडका मध्यापासून ६५ सेंटीमीटरवर, म्हणजे चाकाच्या १५ बाहेर. २०० गुणिले १५ म्हणजे ३,०००. विरुद्ध बाजूला २५० गुणिले ५० म्हणजे १२,५००. भरपूर सुरक्षित वाटते. पण यंत्र दोन चाकांवर आणि पुढच्या एका जॅकवर उभे आहे; कलंडायची रेषा चाकापासून जॅककडे तिरकी जाते. लिफ्ट आणि यंत्राचे वजन चाके आणि जॅक यांच्या मध्यावर असेल, तर तिथे रेषा मध्यापासून फक्त २५ सेंटीमीटरवर असते. आता ओंडका ४० बाहेर: ८,०००. यंत्र २५ आत: ६,२५०. उलटले. लिफ्टच्या बाजूला बिजागरीच्या रेषेत खाली सोडायचा पाय द्या, त्याच्या तळाला १५ बाय १५ सेंटीमीटरची प्लेट, म्हणजे ओल्या मातीत रुतणार नाही. ओंडका उचलण्यापूर्वी पाय टेकवायचा.

बाकीचे, थोडक्यात

हात झटके खात चढतो आणि टाकीतले तेल फेसाळ दुधी दिसते: सक्शनच्या होजमधून हवा शिरते आहे. क्लॅम्प बदला, तेलाची पातळी भरा, रिकामा हात पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करून हवा काढा. दुधी रंग यंत्र रात्रभर उभे राहूनही गेला नाही तर ते पाणी आहे, तेल बदला.

ओंडका बीमवर न घसरता हाताच्या आणि बीमच्या फटीत अडकतो: वर आल्यावर हाताची कड बीमपेक्षा एक-दोन सेंटीमीटर उंच हवी आणि फट बोटभरापेक्षा जास्त नको. कड खाली राहिली तर ओंडका अडतो, फार उंच राहिली तर बीमवर आपटतो.

हात पूर्ण खाली बसत नाही: बिजागरीच्या मागे सालीचा आणि ढलप्यांचा थर साचतो. तिथली प्लेट अखंड न ठेवता सळयांची करा, कचरा खाली गळून जातो. आणि हात खाली टेकल्यावर सिलिंडरच्या आत थोडा स्ट्रोक उरलेला असावा. नाहीतर ओंडका प्लेटवर लोटताना बसणारा प्रत्येक धक्का पिस्टन थेट बुडावर घेतो.

होज बिजागरीजवळून न्या, तिथे तो कमीत कमी हलतो, आणि हात दोन्ही टोकांना नेऊन वळण ताणले किंवा चिमटले जात नाही ना पाहा. सिलिंडरच्या मागच्या पोर्टवर होज फुटल्यास आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह लावता येतो; रेस्ट्रिक्टर आधीच तिथे असेल तर होज फुटूनही हात त्याच संथ वेगाने उतरेल. बारीक गळती बोटाने चाचपून कधीच शोधू नका. इतक्या दाबाचे तेल कातडीतून आत जाते, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, आणि तरीही तातडीने रुग्णालय गाठावे लागते. पुठ्ठ्याचा तुकडा जोडांसमोर धरून फिरवा, डाग पडेल तिथे गळती.

बदल केल्यावर पहिली चाचणी रिकाम्या हाताने, दुसरी ५० किलोच्या आसपासच्या ओंडक्याने, मग १०० आणि शेवटी सर्वांत जड. प्रत्येक वेळी गेजवरचा सुटतानाचा आकडा खडूने फ्रेमवर लिहा. काही महिन्यांनी तितक्याच ओंडक्याला आकडा वाढलेला दिसला तर आधी ग्रीस निपलला गन लावा.